अळणी श्रावण

माझ्या सासूबाईंना माझ्या तोंडाकडे बघायची गरज उरली नव्हती. माझं तोंड त्यांच्या फोनमध्ये होतं. रोज सकाळी आठच्या आत मी सोलापुरात एक चेहरा दाबायचा आणि तिकडे अकलूजला त्यांनी चहा पिता पिता तो बघायचा, असा रिवाजच पडला होता. अ‍ॅपमध्ये पाच चेहरे होते. पहिला हिरवा आणि हसरा, शेवटचा लाल आणि रडका, मधले तीन ना इकडचे ना तिकडचे. मी हिरवा दाबला की लगेच सासूबाईंचा अंगठा यायचा. सासूबाई, म्हणजे प्रभाबाई, उभी हयात शाळेत वह्या तपासलेली बाई. त्यांचा अंगठा आला की मला पोरांसारखं बरोबरची खूण मिळाल्याचं सुख व्हायचं, आणि त्या सुखाचा पुन्हा रागही यायचा.

मला बायपोलर आहे. हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही, 'इंद्रायणीचं ते' असं म्हणतात. 'ते' म्हणजे काय, हे गेल्या उन्हाळ्यात सगळ्यांना दिसलं. कितीतरी दिवस मला झोप नव्हती, डोकं भिंगरीसारखं फिरत होतं आणि जगातली झाडून सगळी माणसं मला फार आवडत होती. तशात एका भर दुपारी मी माझ्या मुलीला, आरोहीला, स्कूटीवर पुढे उभं केलं आणि ज्वारीची कणसं दाखवायला मंगळवेढ्याला निघाले. मे महिन्यात मंगळवेढ्याच्या रानात ढेकळांशिवाय काही नसतं, हे शेंबडं पोरही सांगेल. तरी निघाले. वाटेत एका टपरीवाल्यानं पोरीचं लालबुंद तोंड बघून माझी किल्ली काढून घेतली, म्हणून आम्ही दोघी धड राहिलो.

त्यानंतर मला दवाखाना झाला, लिथियमच्या गोळ्या सुरू झाल्या आणि सासूबाई आरोहीला अकलूजला घेऊन गेल्या. "थोडे दिवस," असं म्हणाल्या होत्या. जूनमध्ये तिचं नाव तिकडच्याच शाळेत पहिलीत घातलं, तेव्हा मला थोड्या दिवसांचा अर्थ कळला. माझा नवरा एकनाथ एका कॉलेजात कारकून आहे. माणूस सोन्यासारखा, पण जे लिहिलेलं दिसेल ते खरं मानणारा. ते अ‍ॅप त्यानंच शोधून आणलं. मन, झोप, चिडचिड, गोळी, सगळ्याची रोजची नोंद. झोप मोजायला मनगटावर पट्टा. शिवाय 'साथीदार' म्हणून घरातल्या एका माणसाला सगळं दिसायची सोय. साथीदार कोण, हे मला विचारायचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. लाल दाबला तर साथीदाराचा फोन ठणाणा करतो आणि त्यानं बघेपर्यंत गप्प बसत नाही, हे मात्र सगळ्यांनी मला नीट समजावून सांगितलं.

आषाढ संपता संपता सासूबाईंचा फोन आला. "हा श्रावण सगळा हिरवा गेला ना, की शेवटच्या सोमवारी आरोहीला घेऊन येते. कपडे, दप्तर, सगळं घेऊन. मग तुझी तू सांभाळ."

मी कॅलेंडरवर तो सोमवार शोधायला लागले.

"आणि हे बघ," त्या म्हणाल्या, "मी सिद्धेश्वराला बोललेय. श्रावणभर अळणी खाईन म्हणून. तू पण धर की. दोघींनी धरलेलं बरं."

मी लगेच हो म्हणाले. मुलगी मिळणार असती तर मी श्रावणभर मंगळवेढ्याची ढेकळंसुद्धा खाल्ली असती.

गोळ्या सुरू करताना डॉक्टरबाईंनी आम्हाला बजावलं होतं, उपास करायचा असेल तर आधी मला विचारायचं. ते आम्ही विसरलो नव्हतो. उलट मी आणि एकनाथनं बसून त्यावर विचार केला. पण हा उपास नव्हताच. उपासाला माणूस पोटाला चिमटा घेतो. आम्ही तर दोन्ही वेळ भाकरी, भाजी, वरण, भात, सगळं पोटभर खाणार होतो. मीठ तेवढं नाही. "भरल्या पोटाला उपास कोण म्हणतं?" एकनाथ म्हणाला. "तुझ्या गोळ्या जेवणानंतरच्या, आणि जेवण तर चालूच आहे. डॉक्टरांना कशाला उगाच त्रास?" आमच्या भागात कुणालाही विचारा, हेच सांगेल.

अळणी शेंगाचटणी कधी खाऊन बघा. कडक भाकरीबरोबर ती तोंडात नुसती घोळत राहते, गिळायची म्हणून गिळायची. पण मी कुरकुर केली नाही. रोज सकाळी हिरवा दाबत होते, रोज अंगठा येत होता.

श्रावण अर्धा सरला तशी हातांची थरथर वाढली. थोडी थरथर त्या गोळ्यांची होतीच, ती राहील असं डॉक्टरबाईंनीच सांगितलं होतं. पण आता कप बशीवर वाजायला लागला. मग पोट बिघडलं, काही केल्या थांबेना. मग पाय. न्हाणीतून बाहेर येताना भिंत धरावी लागायची. झोप मात्र अशी की बसल्या जागी डोळे मिटत. मनगटावरच्या पट्ट्याला काय, तो खूश. 'उत्तम झोप' म्हणून रोज हिरवी रेघ ओढत होता. अ‍ॅप विचारायचं, मन कसं आहे, झोप कशी झाली, चिडचिड झाली का, गोळी घेतली का. हातांचं आणि पोटाचं कुणी विचारतच नव्हतं. मी म्हटलं, विचारत नाही ना, मग आपण कशाला सांगा.

हे झालं माझं ताठ बोलणं. आतून माझी पार गाळण उडाली होती. 'ते' परत आलंय, या खेपेला नवीन सोंग घेऊन आलंय, अशी माझी खात्रीच झाली होती. आणि आलंय हे कबूल केलं की आरोही अकलूजलाच राहणार. एकनाथनं एकदोनदा विचारलं, "दमल्यासारखी दिसतेस?" मी फोन पुढे केला. त्यानं हिरव्या चेहऱ्यांची रांग बघितली आणि त्याचा चेहरा फुलला.

शेवटच्या सोमवारी सकाळी माझं बोट त्या हिरव्या चेहऱ्यावर टिकेना. डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं, तेव्हा कुठं दाबला गेला. लागलीच अंगठा आला. मागून दोन शब्द, 'एसटीत बसलो.'

एकनाथ त्यांना स्टँडवरून घेऊन आला. मी दारातच उभी होते. आरोहीच्या दोन वेण्या घट्ट विणलेल्या, पाठीवर दप्तर, समोरचा एक दात पडलेला. दात पडला हे मला माहीत नव्हतं. ती धावत येईल म्हणून मी हात पसरले, तर तिनं आधी वर आजीकडे बघितलं. "जाऊ?" तिनं विचारलं. सासूबाईंनी मान हलवली तशी ती येऊन माझ्या कमरेला बिलगली. तिच्या तेवढ्याशा वजनानं माझे गुडघे वाकले. मी चौकट धरली. सगळ्यांना वाटलं मला भरून आलंय. भरून आलंच होतं, पण गुडघ्यांचं कारण ते नव्हतं.

स्वयंपाकाला गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, केली होती. गोडाला मीठ लागत नाही, तेवढीच सोय. वाढताना पळी पातेल्याच्या कडेवर टकटक वाजायला लागली. मी पातेलं खाली ठेवून वाट्या त्याच्याजवळ नेल्या. सासूबाई बघत होत्या.

"हात का कापतोय गं एवढा?"

"गोळ्यांचं आहे ते, आई."

"आणि बोलतेस पण जड."

"झोप जास्त झाली की होतं तसं."

त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, फोन काढला आणि सबंध महिना बोटानं वर सरकवत बघितला. हिरवा, हिरवा, हिरवा. मग त्यांनी समाधानानं श्वास सोडला आणि चष्मा परत घडी घालून ठेवला. मला असा संताप आला! मी हातभर अंतरावर उभी होते आणि ही बाई मला फोनमध्ये शोधत होती. पण ओरडायचं कुणावर? फोनमधली ती हसरी बाई मीच बनवली होती.

जेवणं झाल्यावर आरोही माझ्या पदराशी आली. "आई, मला तळ्यावर ने ना. स्कूटीवरून."

मंगळवेढ्यानंतर स्कूटी हा शब्दच आमच्या घरात कुणी काढत नव्हतं. एकनाथनं आईकडे बघितलं. सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, दाराजवळच्या खिळ्यावरची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली.

"जा. तळ्यातल्या सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन या दोघी. कधी ना कधी तुझ्या हाती सोपवायचीच आहे."

याच क्षणासाठी मी महिनाभर मीठ सोडलं होतं. नको म्हणायला तोंड उघडलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. मी किल्ली मुठीत धरली आणि हसले. जिना उतरताना एका हातात कठडा होता आणि दुसऱ्यात आरोही, आणि खरं सांगते, कठडा मी जास्त घट्ट धरला होता.

खाली अंगणात स्कूटी होती. आरोही सवयीनं पुढे जाऊन उभी राहिली. मी बसले, तर किल्ली भोकात जाईना. भोकाच्या भोवतीच फिरत राहिली. दोनदा पडली. आरोहीनं ती उचलली. "आई, मी लावू?" म्हणाली आणि आपल्या छोट्या हातांनी किल्ली बरोबर आत घातली. गाडी सुरू झाली. समोर फाटक होतं, आणि मला त्याची दोन फाटकं दिसत होती. बाहेरच्या मोठ्या रस्त्यावरून रिकामा ट्रॅक्टर धडधडत गेला, त्याच्या मागे बस. मी स्वतःला समजावत होते. नुसतं कोपऱ्यापर्यंत जाऊ. अगदी हळू जाऊ. कोपऱ्यावरून गाडी वळवायची आणि म्हणायचं, पोरीला ऊन लागलं. तेवढ्यानं भागेल. पोरगी राहील.

आरोहीनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. "आई, आपण ज्वारी बघायला नाही ना चाललो?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला नुसतं माहीत करून घ्यायचं होतं, म्हणजे तशी तयारी ठेवता आली असती. सहा वर्षांचं पोर माझ्याबरोबर निघताना तयारी ठेवत होतं.

मी गाडी बंद केली. तिला उतरवलं, मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि फोन काढला. लाल चेहरा दाबला की पोरगी गेली, हे मला दिसत होतं. डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि डाव्या हातानं मनगट धरून दाबला.

वरच्या मजल्यावर सासूबाईंचा फोन ठणाणा करायला लागला. मग जिन्यावर धावती पावलं. त्या अनवाणीच आल्या, मागून एकनाथ. आल्या आल्या त्यांनी आरोहीला आपल्या मागे ओढून घेतलं. मला हेच वाटलं होतं, तरी लागायचं ते लागलंच.

"काय झालं? सकाळी तर हिरवा होता!" एकनाथ म्हणाला.

"खोटा होता."

"आजचा?"

"बऱ्याच दिवसांचे." मला आणखी सांगायचं होतं, पण जीभ टाळूला चिकटल्यासारखी झाली. शब्द बोबडे येत होते. एकनाथ अजून फोनच चाळत होता. "अगं पण हे बघ ना, झोप उत्तम, गोळी वेळेवर..."

"एकनाथ, फोन ठेव तो," सासूबाई कडाडल्या. "तिच्याकडे बघ. तिला उठता येत नाहीये."

खालच्या घरातला सिद्धाराम आवाज ऐकून बाहेर आला. त्याची रिक्षा दारातच असते. "काय झालं वो? वैनीला धरा तिकडनं. कुटला दवाखाना? बसा की, लई येळ न्हाय लागत." त्यानं आणि एकनाथनं मला उचलूनच आत बसवलं. रिक्षात मला उलटी झाली. सासूबाईंनी आपला पदर पुढे केला, आणि आरोही त्यांच्या पलीकडून एकटक माझ्याकडे बघत होती.

डॉक्टरबाईंनी मला हात पुढे धरायला सांगितले. ते हात माझे वाटतच नव्हते. रक्त काढायला सांगून त्यांनी एकामागून एक प्रश्न सुरू केले. उलट्या? जुलाब? पाणी किती? दुसरं काही औषध?

"जेवण?"

"जेवण एकदम व्यवस्थित, मॅडम," एकनाथ म्हणाला. "दोन्ही वेळ पोटभर. फक्त अळणी."

बाईंचा हात थांबला. "अळणी म्हणजे? मीठ अजिबात नाही? कधीपासून?"

"श्रावण लागल्यापासून. व्रत आहे."

"मी तुम्हाला आधी विचारायला सांगितलं होतं."

"उपासाचं विचारायला सांगितलं होतं," एकनाथ अगदी लहान आवाजात म्हणाला. "हा उपास नव्हता ना."

डॉक्टरबाईंनी डोळे मिटून घेतले. मग सरळ साध्या शब्दांत सांगितलं. मीठ तुटलं की शरीर लिथियम बाहेर टाकत नाही, धरून ठेवतं. ते अंगात साठत जातं. वर जुलाबानं पाणी गेलं की आणखी साठतं. मी रोज वेळेवर गोळी घेत होते आणि रोज थोडं थोडं विष होत होतं. "हा आजार परत आलेला नाही," त्या मला म्हणाल्या. "हे औषधाचं आहे. उतरेल. पण आणखी उशीर झाला असता तर..." आरोही तिथंच उभी होती, म्हणून त्यांनी पुढचं गिळलं.

गोळ्या बंद झाल्या, सलाइन लागलं. सलाइन म्हणजे मिठाचंच पाणी, हे मला तिथल्या नर्सनं सांगितलं. सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. इतकी वर्षं बघतेय, पण त्यांना आधाराला भिंत लागलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रक्ताचा नवा रिपोर्ट आला. आकडा खाली येत होता, पण अजून धोक्याबाहेर नव्हता. तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांच्या खांद्याला आरोहीच्या कपड्यांची पिशवी होती आणि हातात तिचं दप्तर. आरोही बाहेरच्या बाकावर एकनाथजवळ बसलेली दारातून दिसत होती.

सासूबाई स्टुलावर बसल्या. पिशवी खांद्यावरच. "कशी आहेस?"

हा प्रश्न त्यांनी मला कितीतरी महिन्यांत विचारला नव्हता. विचारायची गरजच नव्हती.

"बरी आहे," मी म्हणाले.

त्या उठल्या. "मग मी आरोहीला घेऊन निघते. संध्याकाळची गाडी मिळेल."

"आई!" मी उठून बसायला गेले तर सलाइनची नळी ताणली गेली. "का? मी लाल दाबला ना? मी सांगितलं ना खरं?"

"ते काल. आता मी तुला समोर बसून विचारलं. तू चादरीखाली हात लपवून मला बरी आहे म्हणालीस." त्यांचा आवाज शांत होता. "अशा घरात मी पोरगी ठेवणार नाही, इंद्रायणी." आणि त्या खरंच दाराकडे वळल्या.

मग माझा बांध फुटला. मी अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी ओरडले. "नाही बरी! हात थांबत नाहीत. छताचा पंखा दोन दिसतोय. घास पोटात टिकत नाही. रात्रभर मी घाबरून पडले होते, मरेन म्हणून नाही, तुम्ही तिला न्याल म्हणून! मला तुमची भीती वाटते. तुमच्या त्या अंगठ्याचा संताप येतो मला, रोज सकाळी येतो! आणि ती माझ्याकडे यायच्या आधी तुम्हाला विचारते. तुम्हाला विचारते!" पुढचं रडण्यात गेलं. शेजारच्या कॉटवरची म्हातारी उठून बसली होती.

सासूबाई परत आल्या. पिशवी खाली ठेवली. दप्तर माझ्या पायाशी ठेवलं. स्टूल कॉटला चिकटवून घेतलं आणि माझा थरथरणारा हात चादरीतून काढून आपल्या दोन्ही हातांत धरला. तो त्यांच्या हातातही थरथरतच राहिला. त्यांनी तो सोडला नाही.

"मला पण तुझी भीती वाटते," त्या म्हणाल्या. "मंगळवेढ्यापासून वाटते. समोर येऊन विचारायला नको, म्हणून तर तो फोन बरा होता." "आणि मीठ मी सोडायला लावलं. देवाला बोलले मी, आणि जीव तुझा लावला. हे काही माझ्या मनातून जायचं नाही."

'असू दे' म्हणायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं, पण ते खरं नव्हतं.

त्यांनी दाराकडे तोंड करून हाक मारली. "एकनाथ, उद्या इथल्या शाळेत जाऊन विचारून ये. अकलूजचा दाखला मी आणून देते." मग माझ्याकडे वळल्या. "पोरगी इथं राहील. पण मला रोज फोन करायचा आणि काय होतंय ते तोंडानं सांगायचं. वाईट असेल तर वाईट सांग, मी तिला न्यायला येणार नाही. नुसतं 'बरी' म्हणून फोन ठेवलास, तर मात्र पहिल्या गाडीनं येईन."

मी मान हलवली. तेवढ्यावर त्या ऐकेनात. मला तोंडानं हो म्हणावं लागलं.